चाळणीचा इतिहास : शाळेची चार वर्षे प्रवेश परीक्षेच्या हवाली कशी झाली

जून २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने नऊ सदस्यांची एक समिती नेमली. शिकवणी वर्गांवरचे विद्यार्थ्यांचे वाढते अवलंबित्व, हजेरीपटापुरत्या उरलेल्या 'डमी शाळा' आणि शालेय अभ्यासक्रम व प्रवेश परीक्षा यांच्यात पडलेले अंतर, हे तिच्या अभ्यासाचे विषय. बातमी दोन-तीन दिवस चर्चेत राहिली आणि मागे पडली. पण समितीपुढे ठेवलेला प्रश्न काल-परवाचा नाही. नववीत पाऊल ठेवणाऱ्या मुलाचे वेळापत्रक बारावीनंतरच्या एका परीक्षेने ठरवावे, ही रीत सुमारे सत्तर वर्षांत, टप्प्याटप्प्याने घडत गेली. यातला प्रत्येक टप्पा कोणत्या ना कोणत्या अन्यायावरचा उपाय म्हणूनच आला होता, हे विसरून या इतिहासाकडे पाहता येत नाही.

दुसरे महायुद्ध संपत असताना, भारतात उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्था कशा असाव्यात याचा विचार करण्यासाठी नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. देशाच्या पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण भागांत अमेरिकेतील एमआयटीच्या धर्तीवर चार संस्था उभाराव्यात, अशी तिची शिफारस होती. त्यानुसार १९५१ मध्ये खरगपूरजवळच्या हिजली येथे, जिथे इंग्रजांनी राजकीय कैद्यांना डांबले होते त्याच इमारतीत, पहिली आयआयटी सुरू झाली. पहिल्या तुकडीत २२४ विद्यार्थी होते. पुढे १९५८ मध्ये मुंबई, १९५९ मध्ये मद्रास व कानपूर आणि १९६१ मध्ये दिल्ली अशी या संस्थांची मालिका झाली. मुंबईच्या संस्थेच्या आखणीत सहभागी असलेले पु. का. केळकर हे कानपूरच्या संस्थेचे पहिले संचालक होते.

संस्था राष्ट्रीय होत्या. त्यांच्या दारात येणारे विद्यार्थी मात्र अनेक विद्यापीठांच्या आणि मंडळांच्या निरनिराळ्या मापांनी मोजलेले होते. एका विद्यापीठाच्या इंटर सायन्सला साठ टक्के मिळवणे जेवढे कठीण, तेवढेच ते दुसऱ्याकडे कठीण असेल याची काहीही हमी नव्हती. कुठे तपासणी कडक, कुठे सैल. कुठे अभ्यासक्रमात कलनशास्त्र होते, कुठे नव्हते. गुणपत्रिकांवरून निवड करावी, तर कडक मंडळाच्या मुलांवर अन्याय. मुलाखतीवरून करावी, तर इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या शहरी मुलांना झुकते माप. सर्वांना एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका देणे हा त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग होता. खरगपूरने पन्नाशीच्या दशकातच देशपातळीवर परीक्षा घ्यायला सुरुवात केली होती. आयआयटी कायदा झाला त्याच वर्षी, १९६१ मध्ये, सर्व संस्थांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा आली. पुढे तीच 'जेईई' म्हणून ओळखली जाऊ लागली.

या परीक्षेचे आरंभीचे रूप आजच्या विद्यार्थ्याला ओळखूसुद्धा येणार नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांच्या जोडीला इंग्रजीचाही पेपर असे. उत्तरे कागदावर सविस्तर लिहायची असत, त्यामुळे विद्यार्थी कोणत्या वाटेने उत्तरापर्यंत पोहोचला, हे तपासणाऱ्याला दिसे. ती सोपी मुळीच नव्हती. परंतु बहुतेकांच्या दृष्टीने तिची तयारी शाळा-कॉलेजच्या अभ्यासाला जोडूनच होई. शाळेची वर्षे तिच्यासाठी गहाण टाकावी लागत नसत.

त्याच सुमारास देशाने दुसराही एक दरवाजा उघडला होता, आणि त्याची आठवण आज फारच थोड्यांना आहे. सप्टेंबर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या एनसीईआरटीने १९६३ साली राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ती दिल्लीपुरती होती आणि शिष्यवृत्त्या होत्या अवघ्या दहा. दुसऱ्याच वर्षी ती देशभर नेण्यात आली आणि शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० झाली. तिच्या निवडपद्धतीकडे थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. विज्ञानाचा कल तपासणारी एक चाचणी असे. दिलेल्या वैज्ञानिक विषयावर निबंध लिहावा लागे. त्याखेरीज, विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल लेखी परीक्षेच्या वेळीच सादर करावा लागे. यातून निवडलेल्यांची मुलाखत होई. शिष्यवृत्ती मिळाली की ती मूलभूत विज्ञानाच्या शिक्षणासाठी, थेट पीएचडीपर्यंत.

शाळकरी विद्यार्थ्याच्या अंगी विज्ञान आहे की नाही हे ठरवताना त्या काळच्या योजनाकारांनी चार गोष्टी विचारल्या : तुला काय येते, तू काय लिहितोस, तू हाताने काय केलेस आणि तू कसा बोलतोस. यात पक्षपाताला वाव नव्हता असे म्हणता येणार नाही. प्रकल्प करायला शाळेत प्रयोगशाळा लागते, मार्गदर्शक शिक्षक लागतो, आणि हे दोन्ही बहुतांश भारतीय शाळांत नव्हतेच. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे. या योजनेची तयारी करायची, तर अकरावीतल्या मुलाला काहीतरी मोजावे, जोडावे, मोडावे आणि पुन्हा करून पाहावे लागे. तयारी आणि शिक्षण यांत इथे फारसा भेद नव्हता.

भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) याच दिशेने विचार केला होता. दहावीपर्यंत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे असावे, शिक्षणात कार्यानुभवाला स्थान असावे आणि संपूर्ण देशात १०+२+३ असा आकृतिबंध असावा, अशी त्यांची मांडणी. दहावीनंतरची दोन वर्षे हा पदवीचा उंबरठा एवढाच त्यांचा अर्थ आयोगाला अभिप्रेत नव्हता. त्या टप्प्यावर मुलांचा मोठा भाग व्यवसाय शिक्षणाकडे वळेल, अशी त्याची अपेक्षा होती. ते घडले नाही. व्यवसाय शिक्षणाची वाट अरुंदच राहिली आणि अकरावी-बारावी ही पुढच्या प्रवेशाची प्रतीक्षालये बनली. महाराष्ट्रात तर या दोन इयत्ता मुख्यतः 'कनिष्ठ महाविद्यालय' या नावाने महाविद्यालयांना जोडल्या गेल्या. शाळेची शिस्त सुटली आणि महाविद्यालयाची विद्या अजून सुरू व्हायची होती, अशा मधल्याच जागी त्या अडकल्या. पुढे शिकवणी वर्गांनी हीच मधली जागा व्यापली.

नव्या आकृतिबंधाबरोबर १९७६ मध्ये प्रज्ञाशोध योजनाही बदलली. तिच्या नावातला 'विज्ञान' हा शब्द गेला. सामाजिक शास्त्रांचा समावेश झाला, जे योग्यच होते. पण त्याबरोबर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणालाही शिष्यवृत्ती लागू झाली, आणि निबंध व प्रकल्प यांच्या जागी वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या दोन चाचण्या आल्या. मुलाखत तेवढी राहिली. शिष्यवृत्त्या ५०० झाल्या, पुढे त्याहून वाढल्या. हजारोंच्या जागी लाखो मुले बसू लागली की प्रकल्पांचे अहवाल वाचणे अशक्य होते, हे प्रशासकीय कारण समजण्यासारखे आहे. मात्र या देशातील शालेय विज्ञानाच्या इतिहासात हा क्षण अधोरेखित करायला हवा. देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित शालेय निवडीतून हाताचे काम बाहेर पडले ते इथे, आणि त्याबद्दल कोणी फारशी खंत केल्याचे दिसत नाही.

दरम्यान जेईईभोवती एक नवा व्यवसाय आकाराला येत होता. मद्रासच्या ब्रिलियंट ट्युटोरियल्सने सत्तरच्या दशकात टपालाने अभ्यास पाठवायला सुरुवात केली. लहान गावातल्या मुलाच्या घरी पोस्टमन जाडजूड लिफाफा आणून देई. त्यातले प्रश्न शाळेतल्या पुस्तकांच्या पुष्कळ पुढचे असत. आपल्या शाळेबाहेरही गणित आहे, हे कित्येकांना प्रथम त्या लिफाफ्यातून कळले. मुंबईत अग्रवाल क्लासेससारखे वर्ग नावारूपाला आले. तरीही हे सारे शाळेला समांतर होते. शाळा सुटल्यावर क्लास, असा क्रम होता.

तो क्रम उलटवला कोट्याने. चंबळेकाठचे हे राजस्थानी शहर मूळचे कारखान्यांचे. तिथल्या जे. के. सिंथेटिक्समध्ये नोकरीस असलेले अभियंते विनोदकुमार बन्सल यांना स्नायू क्षीण करत जाणारा आजार जडला. चालणे-फिरणे अवघड होत गेले, तेव्हा त्यांनी घरी मुलांना गणित शिकवायला सुरुवात केली. त्यांचे विद्यार्थी आयआयटीत जाऊ लागले आणि १९९१ मध्ये 'बन्सल क्लासेस' ही संस्था उभी राहिली. नव्वदच्या दशकात कारखाना बंद पडला, हजारोंची रोजी गेली. आणि त्याच शहरात रिकाम्या खोल्या, खानावळी आणि वसतिगृहे बाहेरून येणाऱ्या मुलांनी भरू लागली. एका उद्योगाची जागा दुसऱ्याने घेतली. बन्सलांच्या वर्गात जागा मिळवण्यासाठीही चाळणी परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेची तयारी करून देणारे वर्गही निघाले. तिथले शिक्षक बाहेर पडून आपापल्या संस्था काढू लागले. मुलगा अकरावीला, कित्येकदा त्याही आधी, घर सोडून कोट्याला जाणार, त्याचे नाव गावाकडच्या किंवा कोट्यातल्याच एखाद्या शाळेच्या पटावर राहणार आणि त्याचा दिवस क्लासचा असणार, ही व्यवस्था रूढ झाली.

सरकारला आणि आयआयटींना हे दिसत नव्हते असे नाही. गेल्या पंचवीस वर्षांतला जेईईचा इतिहास म्हणजे या व्यवस्थेला आवर घालण्याच्या प्रयत्नांचाच इतिहास आहे, आणि तो मोठा बोधप्रद आहे. १९९७ मध्ये काही केंद्रांवर प्रश्नपत्रिका फुटली आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. परीक्षार्थींची संख्या हाताबाहेर जात होती, म्हणून २००० पासून मुख्य परीक्षेआधी वस्तुनिष्ठ चाळणी परीक्षा आली. दोन परीक्षा म्हणजे दुहेरी ताण, अशी तक्रार झाली, म्हणून २००६ मध्ये दोन्ही एकत्र करून एकच परीक्षा ठेवली. पण ती पूर्णपणे वस्तुनिष्ठ. शाळेचे महत्त्व टिकावे म्हणून बारावीला किमान ६० टक्क्यांची अट घातली गेली, आणि वर्षानुवर्षे परीक्षा देत राहणाऱ्यांना आळा बसावा म्हणून संधी दोनवर आणल्या.

परिणाम काय झाला? सविस्तर उत्तर लिहिण्याची परीक्षा गेल्यावर उत्तराची वाट तपासणारेही कोणी उरले नाही. पर्याय निवडण्याचा वेग हे स्वतंत्र कौशल्य बनले, आणि वेग हा सरावाने वाढतो. सराव विकत देणे हाच तर वर्गांचा धंदा होता. संधी दोनच, म्हणून पहिली वाया जाऊ नये यासाठी तयारी बारावीतून अकरावीत, अकरावीतून नववीत सरकली. 'फाउंडेशन बॅच' हा शब्द आठवी-नववीच्या पालकांच्या तोंडी रुळला.

मग सर्वांत धाडसी प्रयोग झाला. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे तत्कालीन सचिव टी. रामसामी यांच्या समितीने बोर्डाच्या गुणांना निवडीत थेट वजन द्यावे असे सुचवले. प्रश्न पुन्हा १९५० चाच होता : चाळीसहून अधिक मंडळांचे गुण एका मापात आणायचे कसे? यावेळी संख्याशास्त्रज्ञांची मदत घेतली गेली आणि उत्तर आले पर्सेंटाईलचे. प्रत्येक मंडळातले विद्यार्थ्याचे सापेक्ष स्थान पाहायचे आणि त्यावरून गुण समान पातळीवर आणायचे. पण यामागे एक गृहीतक होते. ते असे की प्रत्येक मंडळात गुणवत्तेची वाटणी साधारण सारखीच असते. ते सर्वांना पटणारे नव्हते. २०१२ मध्ये आयआयटींच्या अधिसभांतून कडाडून विरोध झाला. कानपूरने तर स्वतःची वेगळी परीक्षा घेण्याचा ठराव केला. अखेर तडजोड झाली. २०१३ पासून 'जेईई मेन' आणि 'जेईई ॲडव्हान्स्ड' अशा दोन पायऱ्या आल्या. मेनच्या क्रमवारीत बारावीला ४० टक्के वजन मिळाले, तर आयआयटीसाठी आपल्या मंडळातील पहिल्या २० पर्सेंटाईलमध्ये असण्याची अट आली.

चार वर्षे ही पद्धत चालली. मंडळांचे निकाल वेगवेगळ्या वेळी लागत, ते गोळा करून रूपांतर करण्यात क्रमवारी अडकून पडे, आणि काही मंडळांनी गुणांची खैरात सुरू केल्याचा संशयही घेतला जाई. २०१७ पासून ते ४० टक्के वजन काढून टाकण्यात आले. बारावीचे गुण पुन्हा पात्रतेपुरते उरले. शाळेला निवडीत वाटा देण्याचा राष्ट्रीय पातळीवरचा तो एकमेव मोठा प्रयत्न. तो फसला म्हणण्यापेक्षा त्याला पुरेसा वेळच दिला गेला नाही, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

वैद्यकीय प्रवेशांची कहाणी वेगळ्या वाटेने जाऊन याच ठिकाणी पोहोचते. १९८४ च्या डॉ. प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या अधिवासाच्या भिंतींना मर्यादा घातली. त्यातून अखिल भारतीय कोटा आला आणि पुढे त्यासाठी राष्ट्रीय परीक्षाही. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, जागा वाढल्या आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश ठरत असल्याने एकेका गुणाला मोल आले. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे सातत्याने झळकू लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर झाला. तिथे वर्ग महाविद्यालयाच्या आतच भरत, शिक्षक तेच असत, सराव परीक्षांचा मारा मात्र कोट्यासारखाच असे. बोर्डाचे गुण निर्णायक असले म्हणजे शाळा वाचते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. पुढे राज्याची सीईटी आली. २०१३ ची पहिली 'नीट' न्यायालयात अडली आणि २०१६ पासून ती देशभर स्थिरावली. तामिळनाडूने २००७ पासून प्रवेश परीक्षाच बंद करून बारावीचे गुण ग्राह्य धरले होते. नीटला त्या राज्याचा विरोध आजही मावळलेला नाही.

प्रवेश परीक्षेची बाजूही ऐकली पाहिजे. २००२ मध्ये पाटण्यात आनंद कुमार यांनी 'सुपर ३०' हा वर्ग सुरू केला आणि अत्यंत गरीब घरांतली मुले आयआयटीत पोहोचली. ती कोणाच्या शिफारशीने किंवा शाळेच्या नावलौकिकाने गेली नव्हती. भाषेचा अडसरही हळूहळू कमी झाला. नीट २०१७ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येऊ लागली. दुसरीकडे, केवळ बोर्डाच्या गुणांवर प्रवेश देणाऱ्या दिल्ली विद्यापीठात २०२१ मध्ये काही अभ्यासक्रमांची पहिली प्रवेशरेषा थेट १०० टक्क्यांवर गेली होती. शंभरपैकी शंभर मिळवलेल्या मुलांतून निवड करायची वेळ आली, की गुणपत्रिकेला अर्थ उरत नाही. त्यापुढच्याच वर्षी केंद्रीय विद्यापीठांसाठी 'सीयूईटी' आली, आणि कला-वाणिज्याकडे जाणारी मुलेही चाळणीच्या रांगेत उभी राहिली.

या साऱ्यात विज्ञानाचे काय झाले, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी विचारायला हवा. जेईई किंवा नीटमध्ये प्रात्यक्षिक नाही. ज्याचे गुण क्रमवारीत धरले जात नाहीत ते शिकवले जात नाही, हे परीक्षांचे जुनेच शास्त्र आहे. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बहुतेकांना भरघोस गुण मिळतात. जर्नल कोणाचे तरी पाहून पूर्ण केलेले असते. लंबकाच्या आंदोलनांचा काळ मोजण्याऐवजी तो आधी सूत्रातून काढून निरीक्षणे उलट दिशेने भरली जातात. व्हर्निअर कॅलिपरवरचा प्रश्न झटक्यात सोडवणाऱ्या मुलाने तो कॅलिपर हातात धरलेलाच नसतो. महाराष्ट्रात क्लास आणि कनिष्ठ महाविद्यालय यांची हातमिळवणी 'इंटिग्रेटेड' या नावाने इतकी फोफावली, की २०१८ मध्ये राज्य सरकारला विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी लागू करावी लागली. अंगठा उमटवून गैरहजेरी थांबेल, अशी ती आशा होती.

विज्ञानाची आवड हेरण्यासाठी उभ्या केलेल्या योजनाही या ओढीतून सुटल्या नाहीत. १९९९ मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 'किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना', म्हणजे केव्हीपीवाय, सुरू केली. तिचे काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे होते. मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती हा तिचा हेतू. पुढे तिचे गुण भारतीय विज्ञान संस्थेच्या आणि आयसर संस्थांच्या प्रवेशासाठी ग्राह्य धरले जाऊ लागले. त्या दिवसापासून ती शिष्यवृत्तीइतकीच प्रवेशाची परीक्षाही झाली, आणि वर्गांच्या जाहिरातींत जेईई व नीट यांच्या शेजारी तिचेही नाव आले. महाराष्ट्रात सहावी आणि नववीच्या मुलांसाठी घेतली जाणारी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधन प्रकल्प यांचा आग्रह आजही धरते; पण तिच्याही तयारीचे वर्ग शहराशहरांत दिसतात.

आणि मग या योजना एकामागोमाग थांबल्या. प्रज्ञाशोध परीक्षेची मंजुरी मार्च २०२१ पर्यंतच होती. त्यानंतर ती स्थगित झाली. केव्हीपीवाय २०२२ मध्ये बंद करून 'इन्स्पायर' या योजनेत विलीन केली गेली. दोन्ही बातम्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर आल्या. १९६३ मध्ये दहा शिष्यवृत्त्यांनी सुरू झालेला दरवाजा असा फारसा आवाज न करता मिटला. ज्या देशात जेईई मेनसाठी २०२५ मध्ये १५ लाखांहून अधिक नावे नोंदली गेली आणि आयआयटींत जागा होत्या सुमारे १८ हजार, तिथे उरलेल्या मुलांपैकी ज्यांना खरोखर विज्ञान करायचे होते, त्यांना हाक मारणारी राष्ट्रीय पातळीवरची शालेय योजना नेमक्या त्या काळात कमी झाली.

किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. मुलीला सोळाव्या वर्षी परगावी क्लासला पाठवायला पालक कचरत; तिच्यासाठी एक वर्ष 'ड्रॉप' घेण्याची कल्पना तर अनेक घरांत बोललीही जात नसे. २०१८ पूर्वी आयआयटीच्या पदवी वर्गांत मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहिले, ते बुद्धीच्या अभावी नव्हे. त्या वर्षापासून मुलींसाठी अधिसंख्य जागा ठेवल्या गेल्या, तेव्हा कुठे हे प्रमाण वाढू लागले. कोट्यात २०२३ या एकाच वर्षी वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीवन संपवले. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या : सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांनी प्रवेश देऊ नये, निकालाची खोटी हमी देऊ नये. त्याच वर्षी मे महिन्यात २३ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली आणि प्रश्नपत्रिका फुटल्याच्या आरोपांनी देश ढवळून निघाला. परीक्षा यंत्रणेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद इस्रोचे माजी प्रमुख के. राधाकृष्णन यांच्याकडे देण्यात आले.

एक फट मात्र अलीकडे उघडली आहे. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये, १९९८ पासून भौतिकशास्त्राच्या आणि १९९९ पासून रसायनशास्त्राच्या ऑलिंपियाडमध्ये भाग घेत आहे. विज्ञानाच्या संघांची निवड आणि तयारी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते. भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाला असतात, रसायनशास्त्रात १०० पैकी ४०. पाच तास एकट्याने उपकरण मांडायचे, निरीक्षणे घ्यायची, त्रुटी शोधायच्या. म्हणून केंद्रातल्या शिबिरात मुले दिवसचे दिवस प्रयोगशाळेत असतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने गणित ऑलिंपियाडमधील यश प्रवेशासाठी पूर्वीच मानले होते. २०२५-२६ पासून आयआयटी मद्रासनेही ऑलिंपियाडमध्ये चमकलेल्यांसाठी जेईई ॲडव्हान्स्डशिवाय पदवी प्रवेशाची स्वतंत्र वाट सुरू केली.

या वाटेच्या जागा मोजक्या आहेत. ऑलिंपियाडच्या तयारीच्या बॅच मोठ्या वर्गांच्या वेळापत्रकांत आल्या आहेत, आणि त्यांतल्या काही सहावीपासूनच सुरू होतात.